चमचाभर साखर

“आई, दूध! किती वेळा सांगायचं, गॅस बारीक ठेव म्हणून? कान आहेत की भोकं?”

आईवर एवढं तोंडसुख घेऊन लिनेट वळली आणि त्याच तोंडानं, पण सगळी धार पुसून, बापाला म्हणाली, “पप्पा, चहात साखर बरोबर आहे ना? अजून घालू का?”

“बरोबर आहे,” पास्कूदादा म्हणाला.

त्याचा चहा फुलाफुलांच्या कपात होता. कपाखाली बशी, बशीच्या कडेला दोन बिस्किटं. तो कपबशीचा संच एरवी फादर घराला आशीर्वाद द्यायला येत तेव्हाच कपाटातून निघायचा. आम्हा बाकीच्यांना स्टीलचे पेले, आणि पेला पोळतोय म्हटलं तर “मग फुंक की!” असं उत्तर.

“बघितलंस ना सेली?” रेजिन वहिनी सांडलेलं दूध पुसता पुसता मला म्हणाली. “जन्मल्यापासून उष्टं-खरकटं मी काढलं, आणि गोड बोलणं सगळं ह्यांच्या वाट्याला. माझ्या नशिबी नुसती भोकं.”

आम्ही हसलो. पास्कूदादाही हसला, पण जरा उशिरा.

पास्कोल माझा सख्खा मोठा भाऊ. वसईतलं आमचं वाडीतलं घर बापानं मधे भिंत घालून आम्हा दोघांना दिलेलं. नवरा गेल्यावर मी माझ्या अर्ध्यात येऊन राहिले. चूल तेवढी वेगळी, बाकी विहीर, अंगण, भांडणं सगळं सामाईक. दादा आखातात गेला तेव्हा लिनेट पाळण्यात होती. तिथं एसीची मशिनं दुरुस्त करायचा. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचा, चॉकलेटांनी भरलेली बॅग घेऊन. पोरगी आधी वहिनीच्या पाठीमागं लपायची, मग हळूहळू पुढं यायची, आणि त्याच्या मांडीवर बसायला लागली की त्याच्या परतीच्या विमानाचा दिवस यायचा. वहिनी तिला बजावायची, “पप्पांशी गोड बोलायचं हं. हट्ट करायचा नाही, रडायचं नाही. पप्पा थोडेच दिवस आहेत.” लिनेट शहाणी मुलगी. एकदा सांगितलेलं ती कधी विसरली नाही.

आणि मग एक दिवस दादा कायमचा परत आला. तोवर लिनेट कॉलेज संपवून नोकरीला लागली होती, रॉयस्टन नावाचा बरा मुलगा तिनंच शोधला होता आणि जानेवारीत लग्न ठरलं होतं. बापाच्या हाती उरले जेमतेम चार-पाच महिने.

“लग्नाला बिअर दुकानातून आणायची नाही,” त्यानं जाहीर केलं. “मी करणार. घरची.”

वहिनीचा धाकटा भाऊ सांतान तिथंच बसला होता. त्याचं घर आमच्या केळीपलीकडे. लिनेटला सायकल त्यानं शिकवली, शाळेत तिच्या नावानं बोलणी त्यानं खाल्ली, आणि लिनेट त्याच्याशी भांडली नाही असा आठवडा गेला नसेल. तो म्हणाला, “पण दाजी, तुमच्या तिकडं तर बंदी असते ना?”

“म्हणून तर शिकलो,” दादा म्हणाला.

त्यानं जव आणले, भिजवले, मागच्या पडवीत ओल्या पोत्यांवर पसरून त्यांना मोड आणले, गच्चीवर वाळवले. गिरणीवाल्यानं विचारलं, “म्हशीला का?” दादा म्हणाला, “माणसांनाच, पण गुण तोच.” मग ते भरड पाण्यात मंद आचेवर तासन् तास ठेवलं, गाळलं, त्यात कडूपणासाठी काडेचिराईत टाकून उकळलं, निववलं, बेकरीतून आणलेलं यीस्ट सोडलं आणि सगळं एका मोठ्या पांढऱ्या पिंपात घालून झाकण घट्ट केलं. झाकणातून एक रबरी नळी निघे आणि शेजारच्या पाण्याच्या बाटलीत बुडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली बोलायला लागली. बुळूक. बुळूक. बुळूक.

लिनेट मला येऊन म्हणाली, “आत्या, मागं काय मेलंय का ग?” तेवढ्यात दादा पडवीतून आत आला. “पप्पा, किती छान वास सुटलाय!” ती म्हणाली. जीभ टाळूला लागेपर्यंतसुद्धा वेळ गेला नाही मधे.

दादा त्या पिंपाजवळ स्टूल टाकून बसायचा. वहिनी म्हणायची, “माझ्याजवळ जन्मात एवढे बसला नाहीत.” मी मात्र जाऊन बसायचे. मला शिकवायला तसं कुणी कधी बसलं नाही. सातवीनंतर जे काय आलं ते दुसऱ्याच्या हाताकडं बघून आलं. फुग्यांचं पीठ मी असंच शिकले. आमच्याकडं लग्न म्हटलं की मटणाबरोबर फुगे, आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, लागतातच, आणि त्याचं पीठ पुरतं आंबलं की नाही हे ज्याला कळतं त्यालाच मळायला बोलावतात. गावात मला बोलावतात.

“पिठाचं कसं,” मी त्याला म्हटलं, “बोट रुतवायचं. खड्डा सावकाश भरून आला की झालं. तुझं ह्यात कुठं बोट घालणार?”

“ह्याला काटा आहे.” त्यानं मला काचेची एक नळी दाखवली. डेअरीत दुधात पाणी घातलंय का बघायला असते, तसलीच. “साखर असली की रस दाट असतो, तेव्हा काटा वर तरंगतो. यीस्ट साखर खात जातं, रस पातळ होत जातो, काटा खाली बसतो. बसता बसता एका जागी थांबतो. आज तिथंच, उद्या तिथंच, परवा तिथंच. मग समजायचं.”

“आणि बुडबुडे?”

“बुडबुडे खोटारडे. ते थांबले म्हणून काही संपलेलं नसतं.”

हे मला तेव्हाच पटलं नाही. त्या जानेवारीत वसईला न शोभणारी थंडी पडली आणि बाटलीतलं बुळूक बुळूक एकदम गप झालं. वहिनी टाळ्या वाजवत आली. “झाली! भरा बाटल्या!”

“झाली नाही. झोपलीय,” दादा म्हणाला आणि पिंपाभोवती गोधडी गुंडाळली.

“आता बिअरला थंडी वाजते. मला इथं शाल सापडत नाही.”

लग्नाला आठवडा उरला असेल. रात्रीची प्रार्थना आटोपून सगळे बसलो होतो. सांतान मांडवाच्या हिशेबाचं काहीतरी बोलत होता, आणि मधेच, नखाकडं बघत, सहज विचारल्यासारखं म्हणाला, “आणि चर्चमध्ये पोरीला वेदीपर्यंत कोण सोडणार? नाही, म्हणजे मला कोट शिवायचा का ते सांगा.”

आम्हा सगळ्यांना माहीत होतं की त्यानं कोट दिवाळीतच शिवायला टाकलाय.

लिनेट लगेच म्हणाली, “पप्पाच सोडणार ना! पप्पा आहेत म्हटल्यावर काय?” आणि बापाकडं बघून हसली. सुरेख हसली.

“अर्थातच. बाप आहे तो,” सांतान म्हणाला आणि उगीच पाणी प्यायला.

पास्कूदादानं मान हलवली. “सांतान सोडेल.”

वहिनी म्हणाली, “काय म्हणालात?”

“सांतान सोडेल तिला. कोट शिवू दे त्याला.”

“अहो, मुलगी स्वतःच्या तोंडानं सांगतेय—”

“ऐकलं मी.”

लिनेटचं हसू तसंच होतं, जागेवरून हललं नव्हतं. “ठीक आहे पप्पा. तुम्हाला जसं बरं वाटेल तसं,” ती म्हणाली. “दूध आणू तुमच्यासाठी? गरम करून?”

वहिनी त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलेनाशी झाली, म्हणजे फक्त भांड्यांमधून बोलायला लागली. तिचं चुकत नव्हतं. माणूस अर्धं आयुष्य परमुलखात काढतो, कशासाठी? पोरीच्या लग्नात ताठ मानेनं चर्चच्या मधल्या वाटेवरून चालता यावं म्हणूनच ना? आणि आयत्या वेळी म्हणतो, सांतान सोडेल. बायका विहिरीवर मला विचारायला लागल्या, “पास्कोलला जावई पसंत नाही का ग?”

मी दुसऱ्या दिवशी पडवीत गेले. “दादा, तुला झालंय काय? तिच्या तोंडावर नाही म्हणालास?”

तो पिंपाच्या तोटीतून पेल्यात थोडा रस काढत होता. त्यात काटा सोडला, वाकून बघितला, काढून पुसला. मग पेला माझ्यापुढं धरला. “चाख.”

“मी काय विचारतेय आणि तू—”

“चाख ग.”

मी घोटभर घेतली. “बरी आहे. गोड आहे.”

“हं.”

“म्हणजे चांगलीच आहे की.”

“गोड लागतेय म्हणजे आत अजून साखर आहे, सेली. नुसती गप बसलीय. अशी जर मी बाटलीत कोंबली—” त्यानं पेला माझ्या हातातून काढून घेतला. “गोडी पुरती संपेस्तोवर थांबायचं. लोक तिथंच घाई करतात. गोड लागली की म्हणतात, वा.”

“मी लिनेटचं विचारतेय, बिअरचं नाही.”

“हो ना,” तो म्हणाला आणि गोधडी नीट करायला लागला. मी वैतागून उठले. आखातात उन्हानं माणसाच्या डोक्याचं काय होतं ह्याबद्दल मी ऐकून होते.

दादा नातलगांना आमंत्रणं द्यायला पालघरकडं गेला त्या दिवशी मी माझ्या अर्ध्या घरात रवा निवडत होते. भिंतीपलीकडून काचेची किणकिण ऐकू येत होती. मला वाटलं, पाहुण्यांसाठी ताटल्या-पेले निघाले असतील. वहिनी नवऱ्याशी बोलत नव्हती, पण त्याच्यासाठी काही करायचं ती कधी थांबली नाही. आमच्याकडच्या बायकांचा रुसवा असाच असतो, जेवण वाढून रुसतो. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या माणसाला बाटल्या भरायची धावपळ नको, म्हणून तिनं स्वतःच पिंप रिकामं केलं. बाटल्या धुतल्या, भरल्या, बुचं ठोकली, वर तार आवळली. दादा येताजाता बोलायचा ते सगळं तिनं ऐकून ठेवलेलं: बाटलीत भरताना प्रत्येकीत चमचाभर साखर घालायची म्हणजे फेस छान येतो. तर तीही घातली, आठवणीनं. मग रिकाम्या पिंपाला गोधडी पुन्हा जशीच्या तशी गुंडाळली, आणि बाटल्या कुणाला दिसू नयेत म्हणून घरातल्या सगळ्यात उबदार, बंद खिडकीच्या खोलीत नेऊन ठेवल्या. नवरीच्या खाटेखाली.

दादानं पिंप बघितलं नाही. शेवटचे काही दिवस ते उघडायचंच नाही असं त्यानंच ठरवलं होतं.

मांडवाच्या दिवशी दुपारी मी अंगणात पातेल्यात पीठ भिजवत होते. मांडव घालून झाला होता, लाउडस्पीकर घसा खाकरत होता. लिनेट सकाळीच पार्लरमधून केस बांधून आली होती, त्यात आमच्या वाडीतल्या मोगऱ्याच्या कळ्या. ती पेरू कापून बापापुढं ठेवत होती, मीठ-तिखट वेगळ्या वाटीत, तेवढ्यात तिच्या खोलीतून धडाम असा आवाज आला.

सगळे धावले. खाटेखालून पिवळा फेस ओघळत येत होता आणि एक बूच जाऊन कपाटाच्या आरशाला तडा देऊन पडलं होतं. कपाटाला लग्नाचा पांढरा झगा लटकत होता. त्याला अजून काही झालं नव्हतं.

दादानं वाकून खाटेखाली बघितलं. मग बायकोकडं. कितीतरी दिवसांनी दोघं बोलले ते हे:

“साखर घातलीस?”

“घातली की. तुम्हीच म्हणता ना, चमचाभर—”

दादानं डोळे मिटले. “झगा बाहेर न्या. सगळे लांब व्हा. सेली, पोती भिजवून आण.”

वहिनी रडायला लागली. “मी तुमच्यासाठीच—”

“ठाऊक आहे मला,” तो म्हणाला, आणि जाताजाता तिच्या पाठीवर हात ठेवला. “रडू नको. वाया नाही जाणार.”

सांतान आणि तो ओल्या पोत्यांत गुंडाळून एकेक बाटली अंगणात आणत होते, तान्हं मूल आणावं तशी. पिंप बाहेर काढून ठेवलं. “एकेक उघडून वाफ सोडायची, आणि परत पिंपात,” दादा म्हणाला.

“म्हणजे उद्या लग्नाला...?” सांताननं विचारलं.

“दुकानातून सांग.”

गावभर सांगून ठेवलेलं होतं, पास्कोलची घरची बिअर. सांताननं फोन काढला आणि बाजूला गेला.

लिनेट पुढं झाली. “पप्पा, तुम्ही बसा. तुम्ही दमाल. मी करते ना.”

“दोघं लागतात. तू पोतं धर वरून. घट्ट.”

ती बाटलीवर ओलं पोतं धरायची, तो आत हात घालून तार सोडायचा, बूच हळूहळू सैल करायचा. फुस्स. मग ती बाटली पिंपात उपडी. पुन्हा दुसरी. ती म्हणत होती, “तुम्हाला किती माहिती आहे, पप्पा.” फुस्स. “काही बिघडलं नाही हं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” फुस्स. मी पीठ मळत होते आणि मला त्या पोरीचं कौतुक वाटत होतं. एवढा गोंधळ, आणि कपाळावर आठी नाही.

मग एका बाटलीचं बूच त्याच्या बोटांतून निसटलं. पोतं उडालं, आणि अख्खी बाटली फसफसून तिच्या तोंडावर, केसांवर, मोगऱ्यावर आली. नवी कोरी केसांची बांधणी डोळ्यांदेखत मान टाकून बसली.

“सॉरी,” दादा म्हणाला.

लिनेटनं डोळे पुसले. तिचं तोंड उघडलं, आणि मला वाटलं, आता म्हणेल, असू दे पप्पा.

“काय हे!” ती किंचाळली. “सगळे सांगत होते, दुकानातून आणा, दुकानातून आणा! नाही! ह्यांना हौस! महिनाभर घरात घाण वास, आईला पडवीत पाय ठेवायला जागा नाही, आणि ह्यांना हौस!”

“लिनेट!” वहिनी म्हणाली. “पप्पांशी असं—”

दादानं हात वर करून वहिनीला थांबवलं.

“आणि मला वेदीपर्यंत सोडायची तेवढी हौस नाही! मी काय मागितलं होतं? सांगा ना, कधी काय मागितलं तुमच्याकडं? मला टायफॉइड झाला तेव्हा नाही मागितलं. बारावीला नापास झाले तेव्हा फोनवर हसत बोलले, कारण आईनं सांगितलं होतं, पप्पांना तिकडं त्रास नको. त्या फोनवर मी सारखी हसतच होते! एकदा, सगळ्या जन्मात एकदा मागितलं, तर सगळ्यांसमोर नाही म्हणालात!”

लाउडस्पीकरवाल्यानं गाणं बंद केलं होतं. मांडवातले खुर्च्या लावणारे उभेच राहिले होते.

“बोल,” दादा म्हणाला.

“काय बोल?”

“अजून आहे. थांबू नको.”

“आहेच अजून!” आणि होतंच. आम्हाला कुणाला ठाऊक नसलेलं पुष्कळ होतं. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती आणि पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिनं रुमाल टाकून धरून ठेवली होती, ते होतं. चॉकलेटं आवडत नसताना ती खाल्ली होती, ते होतं. शेवटी शब्द संपले तेव्हा ती अंगणातच मटकन बसली आणि ओल्या पोत्यात तोंड खुपसून रडायला लागली. फोन हातात घेऊन परत आलेला सांतान तिच्याकडं धावला, पण दोन पावलांवर थांबला. त्याचं त्यालाच कळलं की ही वेळ त्याची नाही.

दादा तिच्यासमोर उकिडवा बसला. “तू मागितलं नव्हतंस, पोरी,” तो म्हणाला. “पाहुण्याला खुर्ची देतात ना पुढं करून, तसं दिलं होतंस. सांतानच्या बुडाखालची काढून.”

तिनं पोत्यातून डोकं वर केलं. नाक लाल, डोळ्यातलं काजळ गालावर. “मग आता? उद्या?”

“उद्या सांतानच.”

“आणि तुम्ही?”

“मी कुठं जातोय? आता मला विमान नाही.” त्यानं पोतं उचलून पिळलं. “चल. दहा-बारा राहिल्यात अजून. नीट धर.”

तिनं धरलं. बाकीच्या बाटल्या दोघांनी उघडल्या, नुसतं फुस्स, फुस्स. मी पिठात बोट रुतवून बघितलं आणि तशीच बसून राहिले, किती वेळ कोण जाणे; खड्डा कधीच भरून आला होता.

लग्न झालं. पार्लरवालीनं घरी येऊन केस पुन्हा बांधून दिले. सांतान नव्या कोटात लिनेटला घेऊन चर्चच्या मधल्या वाटेवरून चालला आणि नवरीपेक्षा जास्त रडला. वेदीशी पोचेपर्यंत तीच त्याला सावरत होती. पास्कूदादा पहिल्या बाकावर. त्याच्यासमोरून जाताना तिनं तोंडावरच्या जाळीतून त्याच्याकडं असं काही बघितलं, की वहिनी माझ्या कानात कुजबुजली, “बापाकडं असं रागानं बघतात का ग लग्नात? फोटोत येईल ते.” मी दादाकडं पाहिलं. तो इतका खूश दिसत होता की मला त्याची काळजीच वाटली.

पाहुणे दुकानची बिअर प्यायले. पिंप पडवीत गोधडी पांघरून बसलं होतं. थंडी ओसरल्यावर ते पुन्हा बोलायला लागलं, जोरात, मग सावकाश, मग अधूनमधून, आणि एक दिवस गप झालं. दादा रोज पेलाभर रस काढून त्यात काटा सोडायचा आणि मलाही बघायला लावायचा. काटा खाली बसला होता. आज तिथंच, उद्या तिथंच, परवा तिथंच. मी चाखून बघितली. गोडी कुठं औषधाला नव्हती.

“आता तरी झाली ना?” मी म्हटलं. “भरायची?”

“रविवारी लिनेट येतेय.”

“मग? ती आली म्हणून बिअरला काय फरक पडतो?”

“बघू,” तो म्हणाला.

रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर लिनेट आणि रॉयस्टन आले. दादानं सकाळीच दाढी केलेली. फुलाफुलांच्या कपबशा त्यानं स्वतः कपाटातून काढून टेबलावर मांडून ठेवल्या. जावई येणार म्हणून वहिनीनं दिलेला नवा शर्ट मात्र त्याला बोचत होता, म्हणून चर्चमधून घरी येताच त्यानं तो काढून खुंटीला अडकवला आणि विसरला.

लिनेट चपला काढते न काढते तोच तिचं लक्ष गेलं.

“पप्पा! हे काय ध्यान? बनियनला किती भोकं पडलीत, त्याचं जाळं लावून मासे धरशील! जा, शर्ट घाल आधी, रॉयस्टन काय म्हणेल? आणि डोळ्यात थेंब घालतोस का? आई सांगते, टाळतोस म्हणून. किती वेळा फोनवर सांगायचं? कान आहेत की भोकं?”

“लग्न झालं तरी तोंड तेच,” वहिनी म्हणाली, पण तिचा हात भाजी चिरता चिरता थांबला होता.

“सरक ग आई, मी करते चहा, तू पाणीच फार घालतेस.” लिनेट आत गेली. बडबडत, भांडी आपटत तिनं चहा केला. टेबलावरच्या कपबशांतली एक जावयापुढं गेली. आम्हाला स्टीलचे पेले आले. दादालाही. पेला पोळत होता. त्यानं बनियनच्या टोकात धरून तोंडाला लावला.

मीही घोट घेतला. बोलण्याच्या भरात ती साखर घालायलाच विसरली होती. एक कणही नव्हता.

मी दादाकडं बघितलं. तो बाहेर केळीकडं बघत, घोट घोट करत, शेवटच्या थेंबापर्यंत तो कडू चहा प्यायला. मग रिकामा पेला खाली ठेवला, पालथ्या हातानं तोंड पुसलं, आणि पडवीकडं जायला उठला.

“सेली,” तो म्हणाला, “बाटल्या उकळायला टाक.”